मुलीला नीटची परीक्षा (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) द्यायची नाही, बायोलॉजिस्ट व्हायचंय. गणित सोडू द्यावं का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा अकरावी सायन्सला गेलीय. आम्ही लातूरला राहतो, म्हणजे पुढचं सांगायला नकोच. इथे बायोलॉजी घेतलं की लोक थेट "क्लास कुठला लावला" विचारतात, नीट द्यायची का नाही हा प्रश्नच नसतो. तर आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलंय की डॉक्टर व्हायचं नाही, बायोलॉजिस्ट व्हायचंय. म्हणजे नक्की काय करणार, तर "संशोधन". कशावर, तर सध्या मुंग्यांवर. मागच्या महिन्यात बेडूक होते.

आता घाईचा प्रश्न असा की कॉलेजात अजून थोडे दिवस विषय बदलून मिळतोय. मैत्रिणी गणित सोडून भूगोल घेतायत, नीटला गणित लागत नाही आणि भूगोलात मार्क पडतात म्हणून. हिलाही तेच करायचंय, "जीवशास्त्राला गणित कशाला" म्हणते. तिचे बाबा म्हणतात गणित ठेव, इंजिनिअरिंगचं दार उघडं राहील. माझा भाऊ स्वतः डॉक्टर आहे, तो म्हणतो हे खूळ आहे, आधी एमबीबीएस होऊ दे मग काय तो रिसर्च कर. मी मराठीची शिक्षिका, मला यातलं काही कळत नाही. इथे या क्षेत्रातले लोक आहेत हे माहीत आहे म्हणून विचारते, गणित सोडू द्यावं का, बारावीनंतर कुठे जावं, आणि खरं सांगा, यात पोट भरतं का?

चिंचगूळ
वाचतेय. मुंग्या आणि बेडूक वाचून हसू आलं, आमच्याकडे सध्या गोगलगाय आहे. जिवंत. टिफिनच्या डब्यात.

गणितवेडा
गणित सोडू नका. सोडू नका. सोडू नका. कारणं रात्री घरी गेल्यावर टंकतो.

पाटीलबुवा
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भाऊ बरोबर बोलतायत. आमच्या चुलत्याचा मुलगा एमएस्सी झूलॉजी, नेट-सेट या प्राध्यापकीच्या दोन्ही परीक्षा पास, पीएचडी पण झाली, आणि आज तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाचे पैसे, ते पण कधी चार महिन्यांनी येतात, आणि मे महिन्यात तर काहीच नाही. लग्न ठरेना. मुलीकडचे विचारतात परमनंट आहे का. एमबीबीएस झालं की पोटाची चिंता मिटली, मग मोजू दे काय मुंग्या मोजायच्या त्या.

पेट्रीडिश
पाटीलबुवा, चुलत भावाचं वाचून वाईट वाटलं, सीएचबीचा (तासिका तत्त्वाचा) प्रकार भयंकरच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण "आधी एमबीबीएस" हा सल्ला वाटतो तेवढा सेफ नाही हो. नीटला दरवर्षी वीस लाखांच्या वर मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. जिला डॉक्टर व्हायचंच नाही तिने अकरावी-बारावी त्यात घालायची, कदाचित एक रिपीट, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग सगळे पीजीच्या मागे पळतात तसं पळायचं. एमबीबीएस करून पीएचडीला येणारे असतात, चांगल्या संस्था त्यांना घेतातही, पण त्या धावपळीतून उतरून येणारे फारच थोडे.

मी पुण्यात एका संस्थेत पीएचडी करतेय, पेशी वाढवून त्यांवर काम. दिवस कसा जातो ते सांगते कारण अकरावीतल्या मुलींना संशोधन म्हणजे सूक्ष्मदर्शकात बघणं आणि "युरेका" एवढंच माहीत असतं. आमच्या पेशी इन्क्युबेटरमधे ३७ अंशाला असतात आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नवीन खाद्य द्यावं लागतं, मग रविवार असो की गणपती असो. घरी म्हैस असलेल्या माणसाला जसं लग्नाला मुक्कामी राहता येत नाही ना, तेच. जुलै-ऑगस्टात हवेत इतकी बुरशी असते की दोन आठवड्यांची मेहनत एका सकाळी पांढऱ्या कापसासारखी तरंगताना दिसते, सगळं ब्लीच टाकून फेकायचं आणि पहिल्यापासून. वेस्टर्न ब्लॉट नावाचं प्रथिनं ओळखायचं एक प्रकरण आहे, ते का चाललं नाही हे देवालाही माहीत नसतं. आणि तरी एखाद्या रात्री जो निकाल येतो तो त्या क्षणी जगात फक्त आपल्यालाच माहीत असतो, त्याची सवय लागते, काय करणार.

पैशांचं. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर सध्या महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. आधी ३१,००० होते, २०२३ पासून वाढले, तेही मुलं रस्त्यावर उतरल्यावर. प्रोजेक्टवर असाल तर कमी. पुण्यात एकट्या माणसाचं भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर ओढाताण होते. पीएचडी पाच-सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), म्हणजे स्वतःची लॅब मिळायची तर पस्तिशी उजाडते. घरच्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं.

पेट्रीडिश
मूळ प्रश्न राहिलाच. बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांचा नक्की विचार करा, देशात सात आहेत, पुणे त्यातलं एक. पाच वर्षांचं बीएस-एमएस, प्रवेशाला आयएटी म्हणून परीक्षा. बारावीला चारातले तीन विषय असले तरी बसता येतं पण पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५ प्रश्न असतात आणि सगळे मोजतात. गणित सोडलं की एक चतुर्थांश पेपर आधीच गेला. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याचं सीईबीएस याही तशाच विज्ञान संस्था, त्यांना नेस्ट ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. आणि गंमत म्हणजे प्रवेश मिळाला तरी सुरुवातीची वर्षं सगळ्यांना सगळं शिकावं लागतं, बायोवाल्यांना पण कॅलक्युलस. आमच्याकडे येणारी पीसीबीची (गणित सोडलेली) मुलं पहिल्या सेमिस्टरला रडकुंडीला येतात.

चिंचगूळ
म्हैस +१

रानवाट
मी दुसऱ्या टोकाचा माणूस. एमएस्सी केली आणि आता सिंधुदुर्गात सड्यांवर (कातळाच्या उघड्या पठारांवर) काम करतो, बेडूक, पाली, आणि पावसाळ्यात सड्यावर उगवणाऱ्या वनस्पती. लॅबवाल्यांना वाटतं आम्ही पिकनिक करतो. जून ते सप्टेंबर अंगावर एक कोरडा कपडा नसतो. जळवांसाठी मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचं, तरी एखादी पोचतेच. रात्री अकरा ते पहाटे तीन टॉर्च घेऊन बेडकांचे आवाज मोजायचे, सकाळी ते एक्सेलमधे भरायचे. वनस्पती गोळा केल्या तर वर्तमानपत्रात दाबून ठेवायच्या आणि पावसाळ्यात कागद रोज बदलायचे नाहीतर बुरशी (पेट्रीडिशताई, आपलं दुःख एकच).

आणि अर्धं काम वेगळंच असतं. वनखात्याच्या परवानग्या, गावात जाऊन बसणं, सरपंचाला समजावणं, वन्यजीव कायद्यातली कुठली प्रजाती कुठल्या अनुसूचीत ते पाठ असणं. मला बेडूक शोधायला शिकवलं ते एका वनरक्षकाने आणि एका कातकरी आजोबांनी, हे मी प्रत्येक अहवालात लिहितो.

लेकीला मुंग्या आवडतात तर उत्तम. मुंगी हा प्राणी फुकट आहे, परवानगी लागत नाही आणि घरात येतो. बंगळुरात राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर काम केलं, माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन कोण काय करतंय ते तासन् तास लिहून काढायचं. त्यातून जे निघालं ते जगभर वाचलं जातं. तिला सांगा आजपासून वही घाल. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं. काय वाटलं ते वेगळ्या पानावर.

वाइल्डलाइफमधे जायचं असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची एमएस्सी आणि बंगळुरात एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वन्यजीव एमएस्सी, ही दुसरी दर दोन वर्षांनी असते आणि जागा अगदी मोजक्या. पैसे? प्रोजेक्ट असेल तोवर आहेत.

पाटीलबुवा
"प्रोजेक्ट असेल तोवर" हे वाक्य अधोरेखित करावे ही विनंती.

क्यूसी_नाइटशिफ्ट
सगळे पीएचडी आणि जंगल करतायत, आमच्यासारख्यांचं पण ऐका. बीएस्सी, एमएस्सी मायक्रो, वाळूजला फार्मा कंपनीत क्यूसी मायक्रोला (औषधांची जंतुतपासणी) लागलो. सुरुवातीला पगार पंधरा-सोळा हजार होता, आता बरा आहे, घर घेतलं, हप्ते चालू आहेत. काम काय तर स्टराइल एरियात प्लेटा उघड्या ठेवून हवेत जंतू किती ते मोजणं, पाणी तपासणं, इंजेक्शनमधे एन्डोटॉक्सिन (जंतूंचं विष) आहे का ते बघणं. आणि हे सगळं लिहिणं, कारण ऑडिटवाला आला की लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. मी बायोलॉजिस्ट आहे का नाही हे तुम्ही ठरवा, पण तुमच्या पोराला जे सलाईन लागतं ते माझ्यासारख्या कुणीतरी पास केलेलं असतं.

एन्डोटॉक्सिनची टेस्ट भारी आहे बरं का. समुद्रात नालखेकडा म्हणून प्राणी असतो, त्याच्या निळ्या रक्तातून काढलेला अर्क लागतो तिला, जंतूंच्या विषाचा अंश जरी असला तरी तो गोठतो.

चिंचगूळ
निळं रक्त???

पेट्रीडिश
हो, आपल्यात लोह असतं तिथे त्यांच्यात तांबं, म्हणून निळं. खेकडे पकडतात, थोडं रक्त काढतात, परत समुद्रात सोडतात, त्यातले काही मरतात. आता प्रयोगशाळेत तयार केलेला पर्याय आहे आणि तो हळूहळू येतोय. शिवाय नाव खेकडा असलं तरी हा प्राणी खेकड्यापेक्षा कोळ्या-विंचवांच्या जवळचा.

पाटीलबुवा
राजघराण्यातला विंचू म्हणायचं मग.

कोथिंबीर_वडी
धागा भरकटला. खेकड्यांचा वेगळा काढा.

क्यूसी_नाइटशिफ्ट
सॉरी. मुद्दा एवढाच की बीएस्सी-एमएस्सी करून पीएचडी नाही केली तर सगळं संपलं असं काही नसतं. फक्त कॉलेजात प्रॅक्टिकल फाइल कॉपी करून पास होणाऱ्यांना इथे इंटरव्ह्यूत विचारतात ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशाला का लावता, आणि उत्तर येत नाही. १२१ला लावतात हे माहीत असतं, का ते माहीत नसतं.

जुनी_प्रयोगवही
मी निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक. धागा वाचून दोन नावं आठवली.

कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्यात १९१७चा. वडील फर्ग्युसनमधे जीवशास्त्र शिकवत. त्यांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. बाईंनी दोन्ही केलं नाही. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेतलं, आणि लग्न केलं जयसिंग रणदिव्यांशी, जे गणिती होते, आणि बाईंच्या पुढच्या पेशीशास्त्राच्या अभ्यासात त्यांनी मदत केली. मुंबईत पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांच्या हाताखाली १९४९ला पीएचडी, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. ज्यांनी जगातली पहिली अमर मानवी पेशीमाला, हेला, वाढवली तेच हे गाय. परत येऊन मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवायची) प्रयोगशाळा उभी केली. पेट्रीडिश, तुमच्या म्हशीचं मूळ तिथे आहे. १९८२ला पद्मभूषण.

दुसऱ्या कमला सोहोनी. १९३३ला बंगळुरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. त्या जाऊन भांडल्या, वर्षभर चाचणीवर म्हणून घेतलं, आणि १९३९ला केंब्रिजची डॉक्टरेट. परत आल्यावर काम केलं ते नीरा, डाळी, सामान्य माणसाच्या ताटात काय पोषण आहे यावर.

ताई, लग्न ठरत नाही वगैरे जे वर आलंय ते मनावर घेऊ नका.

पाटीलबुवा
सर, लग्नाचं मुलाबद्दल होतं, मुलीबद्दल नाही. पण असो. रणदिवे बाईंना घरात जीवशास्त्राचे प्राध्यापक वडील होते. आमच्या चुलत्याकडे चार एकर सोयाबीन आहे. थोर लोकांची उदाहरणं देताना हे पण सांगावं.

जुनी_प्रयोगवही
हे तुमचं रास्त आहे.

कोथिंबीर_वडी
पाटीलबुवांशी पहिल्यांदाच सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गणितवेडा
आलो.

बारावीच्या बायोच्या पुस्तकात हार्डी-वाइनबर्गचा नियम आहे, पी वर्ग अधिक दोन पीक्यू अधिक क्यू वर्ग बरोबर एक, म्हणजे बाहेरून ढवळाढवळ नसेल तर गुणांचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेच राहतं. मुलं पाठ करतात. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. १९०८ साली केंब्रिजमधे पनेट नावाच्या जीवशास्त्रज्ञाला एक शंका होती की प्रभावी गुण पिढ्यान् पिढ्या पसरत जाऊन सगळीकडे तोच का दिसत नाही. त्याला काही उत्तर सुचेना म्हणून त्याने आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या हार्डीला विचारलं. हार्डी शुद्ध गणिती, त्याने शाळेतल्या गुणाकाराने सोडवून दिलं आणि एवढ्या सोप्या गोष्टीवर आपल्याला लिहावं लागतंय याचं त्याला जरा ओशाळवाणंच वाटलं. म्हणजे शंका जीवशास्त्राची, गाडी अडली गुणाकाराशी. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्गने स्वतंत्रपणे तेच काढलं, आणि तो डॉक्टर होता. घ्या पाटीलबुवा, तुमचाही एक माणूस.

आपल्याकडचं बघायचं तर माधव गाडगीळ. फर्ग्युसनला जीवशास्त्र, मुंबईला प्राणिशास्त्र आणि मग हार्वर्डला १९६९ची पीएचडी गणिती परिसरशास्त्रात (इकॉलॉजीत). देवरायांमधे फिरणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो पण पाया तो आहे.

माझी नोकरी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्याची. दर मार्चला बायोची एमएस्सीची मुलं डेटा घेऊन येतात आणि म्हणतात सर याच्यावर काहीतरी टेस्ट लावून द्या. टेस्ट आधी ठरवायची असते रे बाबांनो, किती नमुने घ्यायचे ते तिच्यावर ठरतं. एकाने वर्षभर फुलपाखरं मोजली होती, सगळी एकाच बागेत सकाळी दहा वाजता, आणि निष्कर्ष काढायचा होता जिल्ह्याचा.

नकाशावाली
भूगोलाला सगळे इतके तुच्छ का लेखतायत? मी भूगोल शिकवते. आज वन्यजीवांचं बरंच काम जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशांवर) चालतं, वाघाचे मार्ग, जंगलाचे तुकडे, सगळे नकाशेच. रानवाट, खरं सांगा.

रानवाट
खरंय, आमच्या टीममधे जीआयएस येणाऱ्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. पण मॅडम, या मुली भूगोल घेतायत ते मार्कांसाठी, नकाशासाठी नाही. आणि क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कधीही शिकता येतं. सुटलेलं गणित विशीत परत धरणं फार अवघड जातं, अशी पोरं रोज बघतोय.

नकाशावाली
ते मान्य. पण "स्कोअरिंग" म्हणून माझा विषय घेणाऱ्यांना मी मार्क देत नाही हे त्या मैत्रिणींना कळवा.

बोस्टनकर
उशिरा येतोय. इथे अमेरिकेत बायोटेकमधे आहे, त्याआधी पीएचडी आणि पोस्टडॉक. परदेशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. अमेरिकेत बायोच्या पीएचडीला फी भरावी लागत नाही, वर स्टायपेंड मिळतो, त्यामुळे "परदेश म्हणजे चाळीस लाखांचं कर्ज" हे मास्टर्सला लागू, पीएचडीला नाही. बॅचलर्सवर थेट अर्ज करता येतो, पण आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीला बऱ्याच ठिकाणी अडवतात, आयसर किंवा एमएस्सीवाल्यांना अडचण येत नाही. प्रवेश देताना मार्कांपेक्षा बघतात ते लॅबमधे काय केलं आणि ज्यांच्याकडे केलं ते पत्रात काय लिहितात. जर्मनीत पीएचडी म्हणजे करार करून नोकरीच, पण तिथे आधी मास्टर्स हवं.

मात्र सध्याची हवा चांगली नाही. २०२५पासून एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) निधीला कात्री लागलीय, बऱ्याच विद्यापीठांनी त्या वर्षी प्रवेश कमी केले, कंपन्यांतही ले-ऑफ झालेत. ही मुलगी अर्ज करेपर्यंत काय असेल कुणास ठाऊक. एकाच देशावर मदार ठेवू नये.

अजून एक, पायथन किंवा आर अशी एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासून शिकू दे. आमच्याकडे प्रयोग दोन दिवसांचा आणि त्यातून आलेल्या डेटाचं काम दोन महिन्यांचं, अशी परिस्थिती आहे. जिला दोन्ही येतं तिला कोणीही घेतं.

शिवारफेरी
लातूरचा प्रश्न आणि शेतीबद्दल एकानेही लिहू नये, कमाल आहे. पाटीलबुवांच्या चुलत्याच्या चार एकर सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडतो तो व्हायरस असतो आणि तो पसरवते पांढरी माशी, मग याच्यावर काम करणारा माणूस बायोलॉजिस्ट नाही तर कोण? बीएस्सी अ‍ॅग्री करून पुढे कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्र घेता येतं. परभणीचं विद्यापीठ तुम्हाला किती लांब आहे? त्यांच्या बदनापूरच्या केंद्रातून आलेलं बीडीएन ७११ तुरीचं वाण मराठवाड्यात किती जण लावतात ते बघा, कमी दिवसांत येतं म्हणून कमी पावसातही निभावतं. हे पण संशोधनच. आणि मुंग्यांची आवड असेल तर कीटकशास्त्र शब्दशः दाराशी आहे. पुढे आयसीएआर या सरकारी कृषी संशोधन परिषदेत शास्त्रज्ञाची परीक्षा असते, जागा कमी निघतात पण निघतात, आणि नोकरी कायम असते. पाटीलबुवा ऐकताय ना, परमनंट.

पाटीलबुवा
ऐकतोय. चुलत्याला पण वाचून दाखवलं. तो म्हणे माशीचं औषध सांगा आधी.

शिवारफेरी
पिवळे चिकट सापळे लावा, रोगट झाडं दिसली की उपटून काढा, आणि पुढच्या हंगामाला रोगाला दाद न देणारं वाण निवडा. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, नाहीतर कोथिंबीरताई रागावतील.

मांजराकाठ
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. धागा प्रिंट काढून घरात वाचला, मोठ्याने, जेवताना. म्हशीच्या तिथे लेक खूप हसली आणि "प्रोजेक्ट असेल तोवर" तिथे तिचे बाबा माझ्याकडे बघायला लागले.

रानवाट यांनी सांगितल्यावर तिने वही घातली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकीकडे साखर, एकीकडे गुळाचा खडा, दोन्ही भिंतीच्या भेगेपासून सारख्या अंतरावर, आणि दर पाच मिनिटांनी कुठे किती मुंग्या ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सकाळी उठून लक्ष्मणरेषेचा खडू ओढला. प्रयोग समाप्त. घरात मोठा संग्राम झाला. आता गच्चीवर चालू आहे.

पण त्यातून काल तिने विचारलं की एक दिवस गुळाला जास्त आल्या आणि एक दिवस साखरेला, तर नक्की काय म्हणायचं, आणि असं किती दिवस केलं म्हणजे पुरे? मला काय कळतंय, मी म्हटलं गणितवेडा म्हणून एक आहेत त्यांना विचारते.

गणितवेडा
ताई!! हाच तो प्रश्न. तिला सांगा आधी साखर आणि गूळ यांच्या जागा रोज अदलाबदल कर, नाहीतर मुंग्या गुळाला आल्या की डावीकडे आल्या ते कळणार नाही. आज कुठे काय ठेवायचं ते नाणं उडवून ठरव. वजन सारखं घे. आणि दर पाच मिनिटांचे आकडे वेगवेगळे पुरावे म्हणून धरू नको, कारण एक मुंगी वाट पाडते आणि बाकीच्या तिच्या मागे येतात. एक दिवस म्हणजे एक आकडा. किती दिवस ते व्यनित सांगतो, त्यासाठी पहिल्या आठवड्याचे आकडे लागतील.

रानवाट
आणि मुंगी कुठली ते बघितलं का? फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पती ओळखायची वेबसाइट) टाका. ओट्यावरची आणि गच्चीवरची एकच असेल असं नाही, मग दोन्हीकडचे आकडे एकत्र करता येणार नाहीत.

मांजराकाठ
वेगळ्याच आहेत म्हणतेय, गच्चीवरच्या काळ्या आणि मोठ्या. सासूबाईंच्या मते त्या चावत नाहीत म्हणून त्यांना राहू द्यायला हरकत नाही.

विषयाचं सांगायचं राहिलं. गणित ठेवलंय. बाबा खूश, त्यांच्या कारणासाठी. नीटच्या क्लासचं मात्र अजून भांडण चालू आहे, माझा भाऊ ऐकत नाही, म्हणतो परीक्षा तर देऊ दे, फॉर्म भरायला काय जातंय.

पेट्रीडिश
फॉर्म भरू दे की. बायो, फिजिक्स, केमिस्ट्रीचा अभ्यास सामाईकच आहे, आयएटी देणारी बरीच मुलं नीट पण देतात. मोठा क्लास लावला की मात्र दिवसाचे सगळे तास जातात आणि गणिताला वेळ उरत नाही, तेवढं भावाला सांगा. त्यापेक्षा यंदा जीवशास्त्राची ऑलिंपियाडची पहिली परीक्षा द्या, एनएसईबी. नोव्हेंबरात असते, नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. पुढचे टप्पे पार केले तर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात शिबिराला बोलावतात. नाही झालं तरी पेपर वाचायला मजा येते, पाठांतरावर सुटत नाहीत.

पाटीलबुवा
मी माझ्या मतावर ठाम आहे. पण गूळ-साखरेचा निकाल कळवा.

कोथिंबीर_वडी
मी पन्नास रुपये गुळावर.

शिवारफेरी
गूळ कुठला ते सांगितल्याशिवाय पैज लावू नका. रसायन मारलेला पिवळाधमक असेल तर मुंग्यांचं काही सांगता येत नाही.

गणितवेडा
ताई, हे पण वहीत लिहायला सांगा. गुळाची ढेप मधेच संपली तर पुढची त्याच दुकानातून.